जुळ्या कोकरांचे बीज नराच्या रक्तात



सांगोला, मंगळवेढा, माळशिरसच्या माळावर मेंढपाळाचा हिशेब ठरलेला असतो : एका वेताला एक कोकरू. आपली दख्खनी मेंढी काटक, उन्हातान्हात चालणारी. पण तिला जुळी क्वचितच होतात. ते एकुलते कोकरू लांडग्याने नेले किंवा रोगाने गेले, की सारे वेत वाया जाते.

बंगालच्या सुंदरबनातील गॅरोल मेंढी याच्या उलट. अंगाने अगदी लहान, पण बहुधा दोन कोकरे देते. याचे कारण तिच्यातील एक जनुक. जनुक म्हणजे आईबापांकडून पिलाकडे येणारे गुणाचे बीज. 'फेक-बी' नावाच्या या जनुकामुळे माजाच्या वेळी एकाऐवजी अधिक स्त्रीबीजे पक्व होतात. शास्त्रज्ञांनी २००१ साली ते नेमके ओळखले. त्यामुळे रक्त तपासून जनावरात ते आहे की नाही, हे सांगता येते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे जनुक दख्खनी मेंढीत आणले. पहिल्या संकराची पिले लहान चणीची होत. म्हणून जनुक असलेली पिले निवडून त्यांचा पुन्हा पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी संकर केला. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली.

आता महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. असा नर कळपात सोडला म्हणून तुमच्या आजच्या मेंढ्यांना जुळी होणार नाहीत. किती स्त्रीबीजे पक्व व्हावीत हे मेंढीवर ठरते, नरावर नाही. फायदा दिसतो तो त्या नराच्या मुली व्यायला लागल्यावर. तेव्हा त्या माद्या बाजारात विकू नका. विकलीत तर आणलेले बीज घराबाहेर गेले.

नर घेताना रक्त तपासणीचा दाखला मागा. नराला हे जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळालेले असेल, तर त्याच्या प्रत्येक पिलात ते उतरते. एकाकडूनच मिळालेले असेल, तर सरासरी निम्म्या पिलांत उतरते. दोन वर्षांनी नर बदला. बाप-लेकीचा संकर झाला, की झाकलेले आनुवंशिक दोष उघडे पडतात, वाढ खुंटते, मरतूक वाढते.

शेवटी, जनुक कोकरू देते, दूध देत नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला चाऱ्याबरोबर थोडा खुराक द्या. व्याल्यावर तासाभरात दोन्ही कोकरांना चीक पाजा. अशक्त कोकराला वरचे दूध द्या. ज्या घरी उन्हाळ्यात एका कोकरापुरताही चारा नाही, त्याने आधी चाऱ्याची सोय करावी, मग जुळ्यांचा विचार करावा. जन्मलेली कोकरे मोजू नका. जगून बाजारापर्यंत गेलेली मोजा.