हीटरची गळती, इंजिनाला फटका

मुंबई-पुण्यात मोटारीच्या हीटरची आठवण क्वचितच कोणाला होते. मात्र अनेक जुन्या गाड्यांत हीटर बंद असतानाही डॅशबोर्डमागील त्याच्या छोट्या रेडिएटरमधून इंजिनातील गरम कूलंट फिरतच असते. गॅरेजच्या भाषेत ही 'हीटर कॉइल'. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी ओतले गेले, की तिच्या अरुंद नळ्यांत क्षार व गंज साचतो आणि ती पाझरू लागते.

काचेवर आतून तेलकट बाष्प, किंचित गोडसर वास आणि डाव्या सीटच्या पायाशी ओले कार्पेट, ही त्याची लक्षणे. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी तेथे ओल येते. पण ते पाणी स्वच्छ व वासहीन असते, तर कूलंट रंगीत आणि चिकट. त्याची चव मात्र कदापि पाहू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. गळतीकडे दुर्लक्ष झाल्यास कूलंट घटते, इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाते.

सुटा भाग तुलनेने स्वस्त, खर्च होतो तो मजुरीवर. बऱ्याच गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, काहींत एसीचा गॅसही काढून पुन्हा भरावा लागतो. साहजिकच मेकॅनिक 'बायपास' सुचवतो: कॉइलकडे जाणारे दोन्ही होज पाइप इंजिनापाशीच एकमेकांना जोडायचे. किनारपट्टीवरील शहरात हा तात्पुरता उपाय चालून जातो. पाइपांना वेगवेगळी बुचे मारणे मात्र धोक्याचे, कारण काही इंजिनांत कूलंटचा प्रवाह याच मार्गावर अवलंबून असतो. शिवाय घाटात इंजिन तापल्यास हीटर पूर्ण सोडून थोडी उष्णता बाहेर काढण्याची सोयही बायपासने जाते. गळती बुजवणारी पावडर टाकणे तर टाळावेच. ती उरलेल्या नळ्याही तुंबवू शकते.

नवी कॉइल बसवताना जुने पाइप व क्लिपाही बदलाव्यात, आणि डॅशबोर्ड परत चढवण्यापूर्वीच दाब देऊन गळती तपासून घ्यावी. कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. पुढील काही दिवस इंजिन थंड असताना पातळी पाहावी; गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.