आठ हजार डॉलर आणि ३० एप्रिलची घाई

सरकार पैसे देतंय, तर आत्ताच घर घेऊन टाकावं का? अमेरिकेत हा प्रश्न अधूनमधून परत येतो. मार्च २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी पहिलं घर घेणाऱ्यांसाठी दोन वर्षं, दरवर्षी ५,००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट सुचवलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पण २००९-१० मध्ये असं क्रेडिट खरोखरच दिलं गेलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते आता बघता येतं.

आधी शब्दाचा अर्थ. डिडक्शन तुमच्या उत्पन्नातून वजा होतं, क्रेडिट थेट करातून. तुम्ही २५ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर ८,००० डॉलरच्या डिडक्शनने २,००० वाचतात. तेवढ्याच क्रेडिटने पूर्ण ८,०००. शिवाय हे क्रेडिट रिफंडेबल होतं. म्हणजे तुमचा कर ३,००० च असला, तर उरलेले ५,००० सरकार तुम्हाला देणार. किमतीच्या १० टक्के, कमाल ८,०००.

२००८ मधली पहिली आवृत्ती मात्र जरा फसवी होती. ७,५०० डॉलर मिळायचे, पण पंधरा वर्षांत परत करायचे. नावाला क्रेडिट, प्रत्यक्षात बिनव्याजी कर्ज. डिसेंबर २००८ मध्ये घर घेणारा ते फेडत बसला. जानेवारीत घेणाऱ्या शेजाऱ्याला फेडावं लागलं नाही.

मुदतवाढीनंतर करारावर सही करायची शेवटची तारीख ठरली ३० एप्रिल २०१०. मग लोकांनी जे केलं ते आपणही केलं असतं. ऑगस्टमध्ये घेणारे एप्रिलमध्ये धावले. जुलैमध्ये जुन्या घरांची विक्री एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी पडली. मागणीचा बराचसा भाग नवीन नव्हताच, पुढच्या महिन्यांतून उसना आणलेला होता.

आणि ते ८,००० नक्की कोणाच्या खिशात गेले? एका घरावर तीन जण ऑफर देतायत आणि तिघांनाही क्रेडिट मिळणार आहे, असं समजा. तिघंही थोडी जास्त ऑफर देऊ शकतात, आणि हे विकणाऱ्यालाही माहीत आहे. घरं कमी आणि घेणारे जास्त असतील, तर क्रेडिटचा मोठा वाटा किमतीतच मुरतो. त्यातून बाजार अजून पडत होता. देशभरातल्या किमतींनी तळ गाठला २०१२ च्या सुरुवातीला. दोन लाखांच्या घराची किंमत ५ टक्के उतरली की १०,००० गेले. ज्यांना एप्रिलमध्ये घर घ्यायचंच होतं आणि पुढे दहा वर्षं तिथेच राहायचं होतं, त्यांचा अर्थात फायदाच झाला. पंचाईत झाली ती तारखेसाठी घाई करणाऱ्यांची.

आपल्यासारख्यांसाठी बारीक अक्षरांतल्या दोन अटी जास्त महत्त्वाच्या होत्या. पहिली, करासाठी ‘नॉन-रेसिडेंट’ असलेल्यांना हे क्रेडिट नव्हतं. एफ-१ वरचा विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं आणि जे-१ वरचा संशोधक दोन वर्षं याच गटात मोडतो. एच-१बी वाला मात्र वर्षभर इथे राहिला की ग्रीन कार्ड नसतानाही ‘रेसिडेंट’. दुसरी अट, ३६ महिने त्याच घरात राहायचं. मध्येच विकलं किंवा दुसरीकडे राहायला गेलात, तर सहसा क्रेडिट परत. माझं काँट्रॅक्ट एकेका वर्षाने वाढतं. छत्तीस महिन्यांचं वचन मी कोणाच्या भरवशावर देऊ?

क्रेडिट बाजूला ठेवूनही हाच हिशोब करून बघा. चार लाखांचं घर, ३,२०,००० चं कर्ज, ६.५ टक्के, ३० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण २,०२० डॉलर, त्यातले पहिल्या महिन्यात १,७३३ नुसतं व्याज. तीन वर्षं इमाने इतबारे हप्ते भरूनही मुद्दल फिटतं जेमतेम ११,५००. आता घेतानाचा क्लोजिंगचा खर्च आणि विकतानाचं एजंटचं कमिशन मिळून किमतीच्या ८ टक्के धरा: ३२,०००. वर प्रॉपर्टी टॅक्स, विमा, गळकं छप्पर. किंमत वाढली नाही, तर तीन वर्षांत हे भरून निघणं अवघड. ‘भाड्याचे पैसे पाण्यात जातात’ असं फोनवर सांगणाऱ्या काकांनी व्याजाचा हा आकडा सहसा पाहिलेला नसतो. सात-आठ वर्षं राहणार असाल तर गणित बदलतं, कारण तोच एकदाचा खर्च जास्त वर्षांवर पसरतो. तेव्हा आधी आपण इथे किती वर्षं आहोत ते कागदावर लिहा, सरकारची तारीख नंतर बघा.

आणि पुन्हा कधी असं क्रेडिट आलंच, तर तारीख कशाची आहे तेही वाचा. २०१० मध्ये करार ३० एप्रिलपर्यंत आणि क्लोजिंग ३० जूनपर्यंत व्हायला हवं होतं. बँकांकडे फायलींचा ढीग लागला आणि वेळेत सही केलेलेही अडकले. शेवटी काँग्रेसला त्यांच्यासाठी क्लोजिंगची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली.