उत्तराची किंमत आणि ज्ञानाचे मोल

ऑक्टोबर २००० मधील एका रात्री देशभरातील असंख्य घरांत दूरचित्रवाणीसमोर बसलेली माणसे एका प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होती. पुढीलपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटनेने दिली आहे, असा तो प्रश्न होता. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे यांनी ‘महान्यायवादी’ हा पर्याय निवडला आणि ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाला पहिला कोट्यधीश लाभला. नवाथे त्या काळात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत होते. अर्थात त्यांचे हे यश अभ्यासाचे होते, याविषयी वाद नाही. तरीही एक शंका उरतेच. घटनेचे ८८ वे कलम ठाऊक असलेले वकील, प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या दिवशीही देशात हजारोंनी होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही ज्ञानाला एक कोटी रुपये मिळाले नाहीत आणि मिळणे शक्यही नव्हते. मग त्या रात्री एक कोटी रुपये मोजले गेले ते नेमके कशासाठी?

प्रश्नमंजूषा हा प्रकार आपल्याकडे तत्पूर्वीही लोकप्रिय होता. कलकत्त्यात १९६७ साली नील ओब्रायन यांनी या खेळाला रीतसर रूप दिले. बोर्नव्हिटाच्या प्रश्नमंजूषेने नभोवाणीवरून शाळकरी मुलांच्या एका पिढीला सामान्यज्ञानाची गोडी लावली आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांनी महाविद्यालयीन संघांना घेऊन ‘क्विझ टाइम’ सुरू केले. या स्पर्धांत बक्षिसापेक्षा प्रतिष्ठेला महत्त्व होते. जुलै २००० मध्ये, ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती अमिताभ बच्चन यांच्या सूत्रसंचालनाखाली अवतरली, तेव्हा प्रश्नांचे स्वरूप फारसे पालटले नाही. पालटली ती प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलेली रक्कम. एक हजारापासून एक कोटीपर्यंत पंधरा पायऱ्यांची ती शिडी होती. प्रश्नाला किंमत चिकटली आणि ज्ञानाच्या खेळात अर्थशास्त्राने प्रवेश केला.

ही शिडी मोठ्या चातुर्याने रचलेली होती. पहिल्या पर्वाच्या नियमांप्रमाणे चौदा प्रश्न सोडविलेल्या स्पर्धकाच्या हाती पन्नास लाख रुपये असत. तेथे थांबावे, तर ते त्याचे. पुढे जाऊन उत्तर चुकले, तर तो तीन लाख वीस हजारांवर घसरे. बरोबर आले, तर एक कोटी. चारपैकी दोन पर्याय वगळून उरलेल्या दोहोंत तो अडकला आहे, असे समजू. संभाव्यतेच्या गणितानुसार पुढे जाण्याचे सरासरी फळ एक्कावन्न लाख साठ हजार येते, म्हणजे थांबण्यापेक्षा अधिक. गणित म्हणते, पुढे जा. पण विचारी माणूस बहुधा थांबतो, आणि त्याचे थांबणे अडाणीपणाचे नसते. पहिल्या पन्नास लाखांनी डोक्यावर छप्पर येते, कर्ज फिटते, मुलांचे शिक्षण होते. दुसऱ्या पन्नास लाखांनी आयुष्यात तितका पालट होत नाही. संपत्ती वाढत जाते तसतशी तिच्या प्रत्येक नव्या भरीची उपयुक्तता घटत जाते, हे तत्त्व डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्येच मांडले होते. प्रेक्षक श्वास रोखून पाहतो ते हेच. स्पर्धकाला काय येते यापेक्षा तो किती धोका पत्करतो, याची ती परीक्षा असते.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये एक जुने कोडे वाचकांपुढे ठेवले होते. पाण्यावाचून जीवन नाही, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही, तरी हिरा महाग. बाजारातील किंमत उपयुक्ततेवर ठरत नाही, दुर्मिळतेवर ठरते, हा त्यातील बोध. प्रश्नमंजूषेत मात्र उत्तरही दुर्मिळ नसते. ते कोणत्याही ग्रंथालयातील संदर्भग्रंथात सापडते आणि आता तर खिशातील दूरध्वनीवर क्षणार्धात मिळते. दुर्मिळ असते ती लक्षावधी प्रेक्षकांची एकाग्रता. तीच जाहिरातदारांना विकली जाते आणि त्या विक्रीतून बक्षिसाची रक्कम उभी राहते. आयकराच्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. २००१ साली केलेल्या दुरुस्तीने दूरचित्रवाणीवरील अशा स्पर्धांतील प्राप्ती सोडतीच्या आणि घोड्यांच्या शर्यतींच्या पंक्तीत बसविण्यात आली. विद्वत्तेचा मेहनताना म्हणून कायद्याने तिच्याकडे पाहिले नाही.

या व्यवहाराचे उघडेनागडे रूप अमेरिकेने १९५० च्या दशकात पाहिले. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक सतत जिंकत होता. प्रेक्षकांना नवा चेहरा हवा, असे निर्मात्यांना वाटू लागले आणि १९५६ अखेर त्याला हरण्याची सूचना देण्यात आली. १९५५ च्या उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणाला मिळाले, या प्रश्नाचे उत्तर ‘मार्टी’ असल्याचे त्याला पक्के ठाऊक होते. तरी त्याने ठरल्याप्रमाणे चुकीचे नाव सांगितले. त्याला हरविणारे चार्ल्स व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक. आपल्याला उत्तरे आधीच पुरविली जात होती, अशी कबुली त्यांनी १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर दिली. १९६० मध्ये कायदा करून असल्या बनवाबनवीस बंदी घालण्यात आली. ज्याला उत्तर येत होते त्याला ते न येण्याचे सोंग करावे लागले, आणि जो विद्वान होता त्याला आयत्या उत्तरांवर विद्वत्ता मिरवावी लागली. खपाचा माल ज्ञान नसून ज्ञानाचा देखावा असतो, तेव्हा असे घडू शकते.

आपल्याकडे असा प्रकार घडल्याचे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. उलट या कार्यक्रमाच्या जमेच्या बाजूला एक मोठी नोंद करावी लागते. पूर्वीच्या प्रश्नमंजूषा बव्हंशी इंग्रजी माध्यमाच्या, शहरी शाळा-महाविद्यालयांच्या होत्या. २००० नंतर हिंदीतून आणि २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’मुळे मराठीतूनही हे दार उघडले. २०११ साली बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांनी पाच कोटी रुपये जिंकले. ते रोजगार हमी योजनेच्या कार्यालयात महिना सुमारे सहा हजार रुपयांवर संगणकचालक होते. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत आणि त्यांना महिन्याला पंधराशे रुपये मिळत. गावात राहणारी, हाताने राबणारी व्यक्तीही वाचते, लक्षात ठेवते आणि विचार करते, हे सुशिक्षित समाजाला दिसले, हा लाभ लहान नव्हे.

परंतु हेच आकडे शेजारी शेजारी मांडले की मन अस्वस्थ होते. पंधराशेच्या मानधनात एक कोटी रुपये मिळवायला ताडे यांना साडेपाचशेहून अधिक वर्षे खिचडी शिजवावी लागली असती. सुशील कुमारांना पाच कोटींसाठी जवळजवळ सातशे वर्षे नोकरी करावी लागली असती. भुकेल्या मुलांच्या ताटात रोज पडणाऱ्या अन्नाचे मोल समाज एवढे कमी करतो, आणि चार पर्यायांतून एक नाव निवडण्याचे एवढे जास्त, ही विषमता प्रेक्षकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आणते. संताप मात्र आणीत नाही. एकीचे भाग्य उजळलेले पाहून तिच्यासारख्या लक्षावधींच्या मानधनाचा प्रश्न विसरला जातो. सोडतीचे समाजशास्त्रीय कार्य तरी याहून वेगळे कोणते असते?

दुसरी हानी ज्ञानाची. ताडे यांना विचारलेला प्रश्न होता, ‘दास्तान-ए-गदर’ लिहिणारा जहीर देहलवी कोणत्या मोगल बादशहाच्या दरबारी कवी होता. उत्तर, बहादूरशहा जफर. मराठी वाचकाला येथे सहज आठवावे की, १८५७ च्या धामधुमीत झाशीपर्यंत जाऊन आलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीही आपला अनुभव लिहून ठेवला आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये तो ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. दिल्लीचा कवी आणि कोकणातील भिक्षुक, दोघांनी एकच वादळ कसे पाहिले, हा खरा अभ्यासाचा विषय. सुशील कुमारांना विचारण्यात आले की, १६ ऑक्टोबर १८६८ रोजी निकोबार बेटांवरील हक्क ब्रिटिशांना विकून कोणती वसाहतवादी सत्ता येथून निघून गेली. उत्तर, डेन्मार्क. पण तरंगमबाडीत १६२० पासून पाय रोवलेल्या डेन्मार्कने १८४५ मध्ये तरंगमबाडी आणि श्रीरामपूर साडेबारा लाखांना का विकले, निकोबारमध्ये वसाहत करण्याचे त्याचे प्रयत्न हिवतापाने कसे हाणून पाडले आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळची ही बेटे ब्रिटिशांना का हवीशी वाटली, हे प्रश्न तेथे संभवत नाहीत. कारण त्यांची उत्तरे चार पर्यायांत मावत नाहीत. पाच कोटींचे उत्तर एका शब्दात संपते. इतिहास त्यानंतर सुरू होतो.

हा दोष केवळ मनोरंजनापुरता असता, तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. पण पर्याय निवडण्याची हीच रीत आपल्या परीक्षांतही रुजली आहे. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाची वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा सुरू झाली. लक्षावधी उमेदवारांची निःपक्षपाती छाननी करण्यास दुसरा सोयीचा मार्ग नाही, हे मान्य केले पाहिजे. परीक्षकाच्या लहरीपासून गरीब विद्यार्थ्याला तिने वाचविले, हेही खरे. मात्र गाळणी ही गाळणीच असते. महान्यायवाद्याला संसदेत बोलता येते, मतदान मात्र करता येत नाही, एवढे पाठ असलेला तरुण उद्या अधिकारी होईल. सरकारच्या कायदेशीर सल्लागाराला लोकप्रतिनिधींसमोर येऊन बोलण्याची मुभा घटनाकारांना का द्यावीशी वाटली, आणि मताचा अधिकार का द्यावासा वाटला नाही, हे त्याला उमगले नसेल, तर त्याच्या हाती सोपविलेला कारभार तो पर्याय निवडल्यासारखाच करील.

प्रश्नमंजूषा बंद व्हाव्यात, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. कुतूहल जागे करण्याचे काम त्या उत्तम करतात. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढेच करावे की, रात्री पडद्यावर ऐकलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी वर्गात किंवा जेवताना ‘का?’ हा एक प्रश्न जोडावा. त्याला बक्षीस नाही, घड्याळाची टिकटिक नाही आणि तो चुकला म्हणून कोणी खालच्या पायरीवर घसरत नाही. आणि खिचडी शिजविणाऱ्या बाईंचे मानधन किती असावे, या प्रश्नासाठी तर कोणत्याही लाइफलाइनची गरज नाही. त्याचे उत्तर साऱ्यांनाच ठाऊक आहे.