तारणाची निश्चिती : वचनाविषयी की स्वतःविषयी?

ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या मनुष्यास आपल्या तारणाविषयी निश्चिती बाळगता येते काय, हा प्रश्न सोळाव्या शतकात पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात तीव्र वादाचा विषय झाला. प्रॉटेस्टंट होकार देतात व कॅथलिक नकार देतात, अशी या वादाची मांडणी सामान्यतः केली जाते. ती सोयीची आहे, पण तिच्यामुळे खरी अडचण झाकली जाते. निश्चिती देवाच्या वचनाविषयी अभिप्रेत आहे की स्वतःच्या अवस्थेविषयी, हे आधी ठरविल्यावाचून दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट कळत नाही.

मठवासी असताना मार्टिन ल्यूथरला आपला पश्चात्ताप पुरेसा आहे की नाही या शंकेने ग्रासले होते. पुढे त्याला जे उत्तर सापडले त्याचे मर्म असे की, पापक्षमेचे वचन ख्रिस्ताचे आहे. त्यावर संशय घेणे म्हणजे ख्रिस्तालाच असत्यवादी ठरविणे होय. येथे दृष्टी स्वतःकडून वळून वचनाकडे लागलेली आहे.

दि. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या सहाव्या सत्रात याविषयी निर्णय दिला. त्याच्या नवव्या प्रकरणात म्हटले आहे की, आपणास कृपा प्राप्त झाली आहे हे कोणासही श्रद्धेच्या अचूक निश्चितीने जाणता येत नाही. मात्र देवाची दया, ख्रिस्ताचे पुण्य आणि संस्कारांचे सामर्थ्य यांविषयी कोणीही भाविकाने शंका घेऊ नये, असेही तेथेच सांगितले आहे. शंका आहे ती मनुष्याच्या दुर्बलतेविषयी. ल्यूथर ज्याविषयी निश्चिती मागत होता आणि परिषद ज्याविषयी ती नाकारीत होती, ते विषय पूर्णतः एक नव्हते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग येथे लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी जे संयुक्त घोषणापत्र स्वीकारले, त्यातील या विषयावरील मतैक्य याच भेदामुळे शक्य झाले. असे असले तरी सोळाव्या शतकातील वाद निव्वळ गैरसमज होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

कारण मूळ अडचण प्रॉटेस्टंट पक्षातच पुन्हा उद्भवली. कॅल्व्हिनने विश्वासाची व्याख्याच देवाच्या कृपादृष्टीचे दृढ ज्ञान अशी केली, आणि आपली निवड पाहावयाची तर ख्रिस्तरूपी आरशात पाहावी असे बजावले. त्याच्या इंग्लिश अनुयायांना एवढ्याने समाधान लाभले नाही. त्यांनी एक अनुमान रूढ केले : जो खरा विश्वास ठेवतो तो तरतो, मी खरा विश्वास ठेवतो, म्हणून मी तरेन. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथील व्याप्ती शास्त्रसिद्ध आहे, पण पक्षधर्मता ठरवावयाची ती आत्मपरीक्षणाने. खरा विश्वास आणि त्याचा आभास यांतील भेद ज्याचा त्यानेच ओळखावयाचा. ल्यूथरने बंद केलेले दार अशा रीतीने पुन्हा उघडले गेले. १६४६ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धाविधानाच्या अठराव्या प्रकरणात निश्चिती शक्य मानली आहे. पण खऱ्या विश्वासणाऱ्यासही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागेल आणि मिळालेली निश्चिती डळमळू शकेल, अशी कबुलीही आहे. पाळकांच्या अनुभवातून आलेली ही कबुली त्या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा भाग होय.

तिचे महत्त्व इंग्लिश कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याच्या चरित्रात दिसते. जॉन न्यूटनबरोबर त्याने रचलेली भक्तिगीते १७७९ साली ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. परंतु त्यापूर्वीच, १७७३ च्या प्रारंभी, एका भयंकर स्वप्नानंतर देवाने आपला कायमचा त्याग केला आहे असे त्याने मनाशी ठरविले होते. नवल हे की, त्याने सिद्धान्त सोडला नाही. ख्रिस्त तारणारा आहे, निवडलेल्यांचा नाश होत नाही, हे त्याला मान्य होते; आपण मात्र त्याला अपवाद आहोत, एवढाच त्याचा आग्रह होता. व्याप्ती अबाधित, पक्षधर्मता नष्ट! त्याला वारंवार मनोविकाराचे झटके येत, हे खरे. म्हणून सारा दोष सिद्धान्तावर ढकलणे अन्यायाचे होईल. तथापि त्याचे सांत्वन करू पाहणाऱ्यांजवळ जी वचने होती ती सर्व त्याला आधीच मान्य होती, आणि ती वचने आपणासही लागू पडतात हे त्याला पटवून देणारे वचन त्यांच्यापाशी नव्हते. १७९९ साली त्याने ‘द कास्टअवे’ ही कविता लिहिली. तिच्यात समुद्रात पडलेल्या खलाशाहूनही आपण अधिक खोल बुडालो असल्याचे तो सांगतो. पुढच्याच वर्षी ईस्ट डिअरम येथे, निश्चितीवाचून, त्याचा मृत्यू झाला.