प्रेअरीवरील गावाचे संग्रहालय : काय पाहावे, काय शोधावे

नेब्रास्का, कॅन्सस किंवा डकोटामधून मोटारीने जाताना मैलोगणती मका, सोयाबीन आणि गवताची कुरणे यांखेरीज फारसे काही दिसत नाही. महामार्गालगतच्या गावांत मात्र बहुधा एक फलक हमखास आढळतो : ‘काउंटी हिस्टॉरिकल सोसायटी म्युझियम’. शिकागो वा डेन्व्हरकडे निघालेली भारतीय कुटुंबे त्याकडे लक्ष न देता पुढे जातात. तरीही अमेरिकेचा हा मध्यभाग कसा वसला, कोणाला जमीन मिळाली आणि कोणाची गेली, हे समजून घेण्यासाठी अशा संग्रहालयातील दोन तास सत्कारणी लागतात. मात्र ते कसे पाहावे, हे आधी ठाऊक असायला हवे.

ही संग्रहालये महानगरांतील संग्रहालयांसारखी नसतात. जुनी बँक, बंद पडलेले रेल्वे स्थानक किंवा एकखोली शाळा, अशा वास्तूंत ती थाटलेली असतात. अनेक ठिकाणी प्रवेशशुल्काऐवजी देणगीपेटी असते. कामकाज बहुतांशी निवृत्त स्वयंसेवकांच्या हाती असते. काही संग्रहालये केवळ उन्हाळ्यात किंवा आठवड्यातील ठरावीक दिवशी दुपारीच उघडतात. त्यामुळे निघण्यापूर्वी दूरध्वनी करणे इष्ट. विनंती केल्यास खास कुलूप उघडून देणारे स्वयंसेवकही भेटतात.

आत पायमशीन, गोधड्या, लग्नाचे पोशाख, सैनिकी गणवेश, काटेरी तारेचे नमुने, दंतवैद्याची खुर्ची आणि शाळेची वार्षिक छायाचित्रे असे परिचित साहित्य दिसते. एक संग्रहालय पाहिले की सारी पाहिली, असे वाटू लागते. वस्तूंमागील माणसांकडे वळल्यास हे मत बदलते. नेब्रास्कातील कस्टर काउंटी हे त्याचे उत्तम उदाहरण. तिचे मुख्य गाव ब्रोकन बो हे ग्रँड आयलंडहून वायव्येस सुमारे दीड तासाच्या अंतरावर असून तेथे काउंटीच्या इतिहास मंडळाचे संग्रहालय आहे.

या भागातील वसाहतीचे मूळ १८६२ च्या होमस्टेड कायद्यात आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीस सुमारे १८ डॉलर शुल्कात १६० एकर सरकारी जमीन मिळे. अट अशी, की तेथे पाच वर्षे राहून जमीन कसली पाहिजे. अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क होता. या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे मंजूर होऊन अंदाजे २७ कोटी एकर जमीन, म्हणजे देशाचा जवळपास दहावा हिस्सा, खाजगी मालकीत गेला.

प्रेअरीवर झाडे दुर्मिळ असल्याने घरासाठी लाकूड मिळत नसे. वसाहतकरी विशिष्ट नांगराने गवताचा मुळांसकट थर कापून काढीत आणि त्याचे ठोकळे एकावर एक रचून भिंती उभारीत. या घरांना ‘सॉड हाउस’ म्हणतात. जाड भिंतींमुळे ती हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड राहत. पावसात मात्र छत गळे, आणि उंदीर-साप भिंतींत आसरा घेत.

सॉलोमन बुचर (१८५६–१९२७) हा गृहस्थ १८८० मध्ये नेब्रास्कात आला. शेतीत त्याचे मन रमले नाही. १८८६ मध्ये त्याने कस्टर काउंटीचा छायाचित्रमय इतिहास सिद्ध करण्याचा संकल्प सोडला आणि घोडागाडीत कॅमेरा घेऊन तो घरोघर फिरू लागला. १८९९ मध्ये त्याच्या घरास आग लागून टिपणे भस्मसात झाली, परंतु काचेच्या निगेटिव्ह वाचल्या. १९०१ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन हजारांहून अधिक निगेटिव्ह आज नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेत आहेत.

या चित्रांत एक विलक्षण प्रसंग आहे. हिल्टन कुटुंबातील स्त्रियांना आपले मातीचे घर पूर्वेकडील परिचितांच्या दृष्टीस पडू नये असे वाटत होते. म्हणून घरातील पायपेटी अंगणात ओढून आणण्यात आली आणि तिच्याभोवती कुटुंब उभे राहिले. आपल्या दैन्याची लाज आणि आपल्या ऐपतीची खूण, दोन्ही एकाच चौकटीत आली. परदेशातून घरी पाठवायच्या छायाचित्रासाठी नव्या मोटारीशेजारी उभे राहणाऱ्यांना ही धडपड अनोळखी वाटणार नाही. बुचरच्या प्रत्येक चित्रावर मात्र भाबडा विश्वास ठेवता येत नाही. पशुपालकांचे कुंपण तोडणाऱ्या मुखवटाधारी शेतकऱ्यांचे त्याचे प्रसिद्ध चित्र हे घटनेनंतर मुद्दाम उभे केलेले दृश्य आहे.

त्याच्याच संग्रहात १८८७ मधील शोअर्स कुटुंबाचे चित्र आहे. कुटुंबप्रमुख जेरी शोअर्स पूर्वी गुलामगिरीत होता, आणि आता तो स्वतःच्या जमिनीवर कुटुंबासह उभा आहे. प्रेअरीचा वसाहतकरी म्हणजे गोरा युरोपीय, ही समजूत या एका चित्राने ढासळते.

यावरून संग्रहालय पाहण्याची पहिली रीत ध्यानात येते : वस्तू कोणी दिली, हे वाचावे. बहुतेक वस्तू देणग्यांतून येतात. ज्यांची घराणी गावात टिकली, त्यांच्याच पेट्या-कपाटे येथे पोहोचतात. दुष्काळात जमीन सोडून गेलेल्यांचे फारसे काही उरत नाही. दुसरी रीत : कोण अनुपस्थित आहे, हे विचारावे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोलंबस शहराच्या पश्चिमेस जेनोवा या छोट्या गावात मिळते. येथील भूमी पॉनी लोकांची होती. १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. १८८४ ते १९३४ या काळात येथे संघराज्य सरकारची निवासी शाळा चालली. चाळीसहून अधिक जमातींची मुले येथे आणली गेली आणि त्यांची भाषा व रीतिरिवाज पुसून टाकण्याचा प्रयत्न झाला. शाळेच्या शिल्लक राहिलेल्या इमारतीत आता संग्रहालय आहे. संशोधकांना ऐंशीहून अधिक विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या नोंदी सापडल्या आहेत, पण दफनभूमीचा ठिकाणा लागलेला नाही. २०२३ मध्ये एका संशयित जागी उत्खनन झाले, तेथे अवशेष मिळाले नाहीत. वसाहतीची पायपेटी आणि या मुलांची हरवलेली दफनभूमी हे एकाच इतिहासाचे दोन भाग आहेत. एकच पाहून परतणाऱ्यास निम्मी हकिगत कळते.

भारतीय वाचकासाठी आणखी एक अनुपस्थिती महत्त्वाची आहे. होमस्टेडसाठी अमेरिकेचे नागरिकत्व असणे किंवा ते स्वीकारण्याचा इरादा जाहीर करणे आवश्यक होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. हा अडसर १९४६ च्या कायद्याने दूर झाला. म्हणजे सरकारी जमिनीचे वाटप सुरू असतानाच्या या काळात भारतीयांना त्या वाटेने जाण्याची मुभा नव्हती. जुन्या कपाटांत भारतीय नावे न दिसण्यामागे अंतराइतकेच कायद्याचेही कारण आहे.

आज परिस्थिती वेगळी आहे. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये एक योजना सुरू झाली. तिच्यानुसार जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरांनी वैद्यकसेवेची उणीव असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास त्यांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते. आरंभी प्रत्येक राज्यास वर्षाला २० जागा होत्या, पुढे त्या ३० झाल्या. प्रेअरीवरील रुग्णालयांत भारतीय डॉक्टर दिसतात, त्यामागील हे एक कारण आहे. ही मंडळी गावाच्या इतिहासाचा भाग आहेत, परंतु त्यांच्या वस्तू अद्याप कपाटांत पोहोचायच्या आहेत.

देणगीची रीत अवघड नाही. संग्रहालय प्रथम वस्तू आपल्या विषयाशी सुसंगत आहे का ते पाहते. नंतर देणगीपत्रावर स्वाक्षरी होऊन मालकी संस्थेकडे जाते आणि वस्तूस नोंदणी क्रमांक मिळतो. वस्तूच्या किमतीपेक्षा तिची हकिगत मोलाची ठरते. दवाखान्याच्या दारावरील नावाची पाटी, मराठीतील पत्रे, गावातील पहिल्या गणेशोत्सवाचे छायाचित्र यांच्यासोबत नाव, साल, गाव आणि प्रसंग लिहून दिल्यास पुढील संशोधकाचे काम सोपे होते. छायाचित्राच्या पाठीमागे नावे लिहिलेली नसतील, तर पन्नास वर्षांनी त्यातील माणसे ओळखणारे कोणी उरत नाही.

भेटीच्या अखेरीस संशोधन कक्षात डोकावणे विसरू नये. तेथे जुनी वृत्तपत्रे, जमिनीचे नकाशे, दफनभूमीच्या याद्या आणि नागरिकत्वाचे कागद ठेवलेले असतात. आपण राहतो त्या घराखालची जमीन प्रथम कोणाच्या नावे झाली, हे तेथील नकाशा पाहून विचारता येते. स्वयंसेवक आनंदाने तो उलगडून दाखवतात.