मधपेटीसाठी घरगुती पाकपात्र

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पावसाळा हा हिरवाईचा काळ होय. परंतु मधमाशीच्या दृष्टीने तोच उपासमारीचा काळ असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पळस, जांभूळ, करंज यांचा बहर उन्हाळ्यातच संपून जातो. जूनच्या मध्यानंतर शेतोशेती धान डोलू लागते, पण धानाच्या फुलात मकरंद नसतो. शिवाय झड लागली म्हणजे माशीला बाहेर पडताच येत नाही. तीळ, तूर, जवस फुलेपर्यंतचे हे महिने तिला साठवलेल्या मधावर काढावे लागतात. आणि तो मध बहुधा आपण आधीच काढून घेतलेला असतो.

पेटीत पाळली जाणारी आपल्याकडील माशी म्हणजे सातेरी. उंच झाडांवर व कड्यांवर पोळे बांधणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. तिच्या वाटेस मुलांनी कधीही जाऊ नये. सातेरीचा स्वभाव असा की, अन्न सरले म्हणजे राणीमाशी अंडी घालणे कमी करते, वसाहत क्षीण होते, पोळ्यांत मेणकिडा शिरतो आणि एके दिवशी सर्व माशा घर सोडून निघून जातात. पेटी उचलून पाहता ती हलकी लागली व पोळ्याच्या वरच्या कडेस मधाची बंद घरे दिसली नाहीत, तर साखरेचा पाक देण्याची वेळ आली असे समजावे.

पाक देणे सोपे वाटते, पण चूक येथेच होते. मी शिक्षक असताना एका शाळेत ताटलीत पाक ओतून ती पेटीसमोर उघड्यावर ठेवली होती. सकाळी पाकात शेकडो माशा बुडून मेलेल्या आढळल्या. वासाने दुसऱ्या वसाहतीच्या माशा आल्या आणि पेटीत शिरून लूट करू लागल्या. चौथ्या दिवशी पेटी रिकामी झाली. "गुरुजी, आपण तर त्यांना जेवायला दिले होते ना?" असे एका मुलाने विचारले. त्याला द्यावयाचे उत्तर मला पुढे समजले : अन्न देणे पुरेसे नाही, माशी बुडणार नाही व चोर येणार नाही अशा रीतीने ते दिले पाहिजे.

याकरिता विकतचे साधन आणण्याचे कारण नाही. पहिला प्रकार बांबूचा. दोन्ही टोकांच्या गाठी शाबूत असलेले जाड बांबूचे एक पेर घेऊन ते उभे चिरावे. म्हणजे दोन पन्हळी तयार होतात. आतून वितळलेल्या मेणाचा हात द्यावा, म्हणजे पाक झिरपत नाही. पन्हळीत पाक ओतून त्यावर बांबूच्या पातळ काड्या तरंगत सोडाव्यात. माशा काड्यांवर बसून पाक पितात. ही पन्हळ मधकोठीच्या रिकाम्या जागेत, चौकटींच्या वर ठेवून झाकण लावावे.

दुसरा प्रकार काचेच्या बरणीचा. बरणीच्या पत्र्याच्या झाकणास बारीक खिळ्याने आठ-दहा छिद्रे पाडावीत. बरणी पाकाने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे व पेटीपासून दूर उलटी करावी. काही थेंब गळून पाक आपोआप थांबतो. मग दोन कामट्यांवर ती चौकटींच्या वर उलटी ठेवावी आणि भोवती रिकामी मधकोठी बसवून वरचे झाकण लावावे. पाक का सांडत नाही, हे मुलांना विचारावे. बाहेरील हवेचा दाब त्याला तोलून धरतो, हा पाठ फळ्यापेक्षा येथे लवकर समजतो. बरणी उन्हाने तापली तर आतील हवा प्रसरण पावून पाक गळू लागतो. म्हणून पेटी सावलीत असावी.

पाकासाठी पांढरी साखरच घ्यावी. गुळाने माशांचे पोट बिघडते. पाणी उकळून खाली उतरवावे व त्यात साखर विरघळवावी. साखर करपू देऊ नये. भर पावसात दोन भाग साखरेस एक भाग पाणी, व फुलोरा जवळ आला म्हणजे दोन्ही समभाग घ्यावे. बाजारातील मध माशांना कधीही देऊ नये. त्यातून रोग येतो. पाक निववून सायंकाळी, सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. एका रात्रीत संपेल इतकाच घालावा. प्रवेशद्वार लहान करावे, सांडलेला थेंब पुसून घ्यावा, आंबलेला पाक टाकून पात्र गरम पाण्याने धुवावे. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत.

पेटी शिक्षकाने स्वतः उघडावी. मुलांनी पात्र बनवावे व दुरून निरीक्षण करावे. कोणास दंश झाल्यास नांगी नखाने तत्काळ खरडून काढावी आणि श्वास लागल्यास किंवा अंगावर गांधी उठल्यास विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे.

अखेरची गोष्ट सचोटीची. पाकापासून माशांनी जे साठवले तो मध नव्हे. तो काढू नये व मध म्हणून विकूही नये. फुलोरा सुरू होताच पाक बंद करावा. आणि पुढील उन्हाळ्यात मध काढताना पिलाव्याच्या कोठीतील मधास हात लावू नये. तेवढा माशांचा वाटा त्यांच्याकडे राहिला, तर पावसाळ्यात पाकपात्राची गरज क्वचितच पडेल.