दत्तक वारस कोणी ठरवायचा?

दत्तक नाकारून संस्थाने खालसा करण्याचे धोरण डलहौसीच्या नावावर जमा आहे. पण बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरचा वाद त्याने खालसा केलेल्या साताऱ्याच्याही २४ वर्षे आधीचा. १८२४ मध्ये तिथले देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले, मागे दत्तक वारस ठेवून. धर्मशास्त्राला दत्तक मान्य होता. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मात्र तो मानला नाही. दत्तकविधान ऐन मरणसमयीचे, म्हणून संशयास्पद, असा ईस्ट इंडिया कंपनीचा युक्तिवाद. संशय असेल तर निःपक्ष चौकशी हवी. पण वारस नाकारला की ज्याच्या पदरात मुलूख पडणार, तोच न्यायाधीश कसा? कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी शस्त्र उचलले, लढाईत थॅकरे मारला गेला, तरी डिसेंबरात कित्तूर पडले. १८५७च्या उठावानंतर, १८६२ मध्ये इंग्रजांनीच सनदा देऊन संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य केला. कित्तूरचे मागणे रास्त होते, याची ती उशिराची कबुलीच म्हणावी लागेल.